वाचकांचे प्रश्न : कुस्ती खेळणाऱ्या मुलांचे आईबाप

शालेय कुस्ती स्पर्धांचे दिवस जवळ आले की पालकांची पत्रे वाढतात, आणि त्यांतली बरीचशी वजनाभोवतीच फिरतात. म्हणून या वेळी वजनालाच जास्त जागा दिली आहे. डाव-पेच हा वस्तादांचा प्रांत. इथे फक्त घरातून सांभाळायच्या गोष्टी आहेत.

माझा मुलगा या वर्षी 14 पूर्ण करतो. वजन 43.2 किलो. कोच म्हणतात, 41 किलोच्या वजनगटात उतरवा, 44 च्या गटातले पोट्टे तगडे आहेत. स्पर्धेला दहा दिवस आहेत. रात्रीचे जेवण बंद करून स्वेटर घालून पळवायला सांगितले आहे. करू काय? – एक आई, हुडकेश्वर

करू नका. 44 मध्येच खेळवा.

आधी हिशेब पाहू. 43.2 वरून 41 म्हणजे 2.2 किलो, शरीराच्या पाच टक्क्यांहून जास्त. अमेरिकेतल्या शालेय कुस्तीत आठवड्याला शरीराच्या वजनाच्या 1.5 टक्क्यांहून अधिक घट मान्य नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती होते 650 ग्रॅम. म्हणजे वाढते वय बाजूला ठेवले तरी दहा दिवसांत एक किलोसुद्धा बसत नाही. शिवाय हे वय उंची सुटण्याचे आहे. ज्या महिन्यांत हाडे आणि स्नायू भराभर वाढतात, नेमक्या त्याच महिन्यांत ताट रिकामे ठेवायचे, हे गणित कुठल्याच बाजूने जुळत नाही.

दहा दिवसांत जे वजन उतरते ते चरबीचे फार थोडे असते. आधी स्नायूंत साठलेली साखर जाते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी जाते. मग घामावाटे रक्तातले पाणी कमी होते. रक्त कमी, म्हणून हृदयाचे ठोके वाढतात. घाम कमी, म्हणून अंग थंड होत नाही. काट्यावर मुलगा 41 चा दिसतो; पण पहिल्या फेरीचा दीड मिनिट झाला की पाय जड होतात, पकड सुटते आणि पालक म्हणतात, ‘आज याचा दमच नव्हता.’ दम घरीच काढून घेतलेला असतो.

स्वेटर किंवा प्लास्टिकचा सूट घालून पळवणे हा त्यातला सर्वांत धोक्याचा भाग. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान याच प्रकाराने, तापवलेल्या खोलीत घाम काढता काढता, महिना-सव्वा महिन्यात दगावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉनावर बंदी आली. आपल्याकडे तर खोली तापवायचीही गरज नाही. पावसाळ्यानंतरच्या दमट दिवसांत आणि ऑक्टोबरच्या उन्हात नागपूरची हवा ते काम फुकटात करते.

आता काय करायचे ते. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा गादीवर नाही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, स्पर्धेचा कॉश्च्यूम घालून वजन करा आणि वहीत लिहा. कॉश्च्यूम घालून अशासाठी की आंतरराष्ट्रीय नियमांत वजन कॉश्च्यूमवरच होते आणि त्याच्या कापडाची वेगळी सूट मिळत नाही. सरावाच्या आधी आणि नंतरही वजन करा. फरक जितका, तितका घाम गेला. एक किलो गेला असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी घोट-घोट करून पोटात जायला हवे. दुसऱ्या दिवशी सकाळचे वजन अचानक अर्ध्या किलोने उतरलेले दिसले तर खूश होऊ नका. आदल्या दिवशीचे पाणी भरून निघालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

झोपेत श्वास, घाम आणि सकाळची लघवी मिळून या वजनाच्या मुलाचे दोन-चारशे ग्रॅम आपोआप जातात. म्हणून रात्री 44.2 दिसले तर घाबरून जेवण काढून घेऊ नका. वरण-भात, दही, थोडी भाजी द्या. आदल्या रात्री सावजी, पापड, लोणचे, फरसाण मात्र नको. मीठ पाणी धरून ठेवते आणि सकाळी काटा वर दिसतो. ठरल्या वेळात पुन्हा काट्यावर उभे राहता येते, तेव्हा 50 ग्रॅम जास्त दिसले म्हणून रडारड नको. शौचाला जाऊन येऊ द्या.

वजन झाल्यावर बाहेर उभ्या असलेल्या गाडीवरचे तर्री-पोहे हा आपल्याकडचा हमखास घोटाळा. कुस्ती काही तासांतच असते. त्याऐवजी ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात मिसळून त्यातले अर्धे लिटर तासाभरात हळूहळू, सोबत दोन केळी किंवा गूळ-पोळी. प्रत्येक लढतीनंतर पेलाभर पाणी आणि एखादे केळे किंवा थोडे चिक्कीचे तुकडे. संत्र्याचा रस आंबट असेल तर लढतीच्या आधी नको, मधल्या वेळात चालेल.

लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, चक्कर आली, पायात गोळे आले किंवा तापलेल्या अंगाला घामच येत नाही असे दिसले, तर स्पर्धा विसरून दवाखाना गाठा.

कोचला सांगताना भावनेची भाषा नको, वही दाखवा. ‘सर, गेल्या तीन महिन्यांत हा दीड किलोने वाढला. वर्षअखेरीस 48 च्या वाटेवर असेल. आत्ता 41 मध्ये जिंकला तरी तिथे पुन्हा खेळणार नाही’ हे म्हणणे वस्तादांनाही पटते. 44 मध्ये हरला तर तो ज्या गटात पुढे खेळणार आहे त्याच गटातला धडा मिळेल. वजनाचा काटा मोठ्यांनाही सोडत नाही. पॅरिसमध्ये 2024 साली विनेश फोगाट 50 किलोच्या अंतिम फेरीच्या सकाळी 100 ग्रॅमने बाद झाली, आणि तिच्यामागे डॉक्टर-आहारतज्ज्ञांची फौज होती. आपल्या स्वयंपाकघरात ती नाही.

मुलाच्या मानेवर आणि हातावर लाल गोल चट्टे आले. मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवसांत बरे झाले, पण आता दुप्पट मोठे होऊन परत आले. आखाड्यात म्हणतात, मातीत लोळला की जाईल. – एक वडील, कामठी

वर्णनावरून हे गजकर्ण, म्हणजे बुरशी दिसते. ट्यूब घरात असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यांतले एखादे नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत दबते, पण त्वचेची लढायची ताकदही दबते आणि बुरशी आत पसरत राहते. म्हणून ‘बरे झाले आणि दुप्पट आले’. ती ट्यूब बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि काय लावले होते ते लपवू नका. मलम सहसा चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही दिवस लावावे लागते. मुले आणि पालक दोघेही नेमके इथेच कंटाळतात. पसरलेले असेल तर पोटातून गोळ्या लागतात, त्या किती आठवडे घ्यायच्या ते डॉक्टरच ठरवतील.

मातीबद्दल : हळद, ताक, लिंबू, तेल घालून हौदाची माती तयार करण्याची रीत चांगली आहे, पण ती औषध नव्हे. बाधा झालेला मुलगा मातीत उतरला तर त्याचे जात नाही, जोडीदाराला होते. औषध सुरू होऊन किमान तीन दिवस झाल्याशिवाय आणि चट्टा नीट झाकल्याशिवाय त्याला कुणाला भिडू देऊ नका. डोक्यात असेल तर दोन आठवडे. स्पर्धेत वजनाच्या वेळी डॉक्टर त्वचा तपासतात आणि संसर्ग दिसला तर तिथूनच परत पाठवतात. तेव्हा लपवून उपयोग नाही.

घरी पंचा, लंगोट, कॉश्च्यूम त्याचाच वेगळा. रोज धुऊन उलटा करून कडक उन्हात. बॅगेत घामट कपडे रात्रभर कोंबून ठेवले की दुसऱ्या दिवशीच्या सरावाआधीच सगळे वाया. सराव संपल्यावर लगेच साबणाने अंघोळ, घरी पोचेपर्यंत वाट पाहायची नाही. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर उपचार एकदमच करा, नाहीतर बुरशी घरातच फिरत राहते.

तुमचा मुलगा गादीवर (मॅटवर) खेळत असेल तर एक गोष्ट आवर्जून पाहा : कुस्तीचे बूट घालून मुले संडासात जातात का? जात असतील तर गादी कितीही पुसा, उपयोग नाही. गादी पुसण्यासाठी दहा लिटर पाण्यात 100 मिली घरगुती ब्लीच पुरते. दहा मिनिटे ओले राहू द्यायचे, मग साध्या पाण्याने पुसून वाळवायचे. त्यात फिनाईल किंवा अ‍ॅसिड कधीही मिसळायचे नाही, विषारी वायू होतो.

आणि एक. चट्ट्याऐवजी पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस असेल, आधी चुणचुण आणि मग दुखणे, सोबत ताप, तर ती नागीणवर्गातली हर्पिस असू शकते. मधासारखी पिवळी खपली धरत असेल तर जिवाणूंचा संसर्ग. दोन्हींत सराव त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर त्याच दिवशी.

कान सुजून मऊ फुगा झाला आहे. मित्र म्हणतात, आता खरा पैलवान झाला. – एक आई, महाल

मित्रांना म्हणू द्या, तुम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, आणि जमल्यास 48 तासांच्या आत. घर्षणाने कानाच्या कूर्चेवरचे, म्हणजे मऊ हाडावरचे आवरण सुटते आणि मध्ये रक्त साठते. कूर्चेला पोषण त्या आवरणातूनच मिळत असल्याने ती मरते, आणि तिथे गाठीगाठींचे कठीण मांस धरते. ताज्या फुग्यातले रक्त निर्जंतुक सुईने किंवा छोट्या चिरेने काढून वर दाब देणारी पट्टी आठवडाभर शिवून किंवा बांधून ठेवतात. नुसते रक्त काढून दाब दिला नाही तर दुसऱ्या दिवशी फुगा परत भरतो. आखाड्यात सिरिंजने कान टोचणारे दादा भेटतातच. त्यात पू झाला तर कानाचा आकारच जातो, म्हणून त्यांना नम्रपणे नाही म्हणा. पट्टी असेपर्यंत भिडायचे नाही. धावणे आणि बैठका मात्र डॉक्टरांना विचारून सुरू ठेवता येतात. पुढे सरावात कानाचे संरक्षक कव्हर घालायला लावा. ‘पहलवानकीची निशाणी’ हवीच असेल तर ती अठराव्या वर्षानंतर त्याने स्वतः ठरवावी.

मुलगी 15 वर्षांची, 46 किलोत खेळते. तीन महिन्यांपासून पाळी आली नाही, लवकर थकते. सोबतच्या मुली म्हणतात, खेळाडूंना असे होतेच. – पारडी

असे अनेकींना होते, हे खरे. ते चालण्यासारखे आहे, हे खोटे. नियमित पाळी सलग तीन महिने थांबणे म्हणजे सरावात जितके खर्च होते तितके ताटात पडत नाही, याची शरीराने दिलेली सूचना असू शकते. इतर कारणेही असतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड या तपासण्यांबद्दल विचारा. या वयात हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे पंडुरोग. फक्त हिमोग्लोबिन पाहून थांबू नका, कारण लोहाचा साठा त्याच्या आधी आटतो. पाळी थांबलेल्या काळात हाडे ठिसूळ होत जातात आणि नडगीच्या किंवा पायाच्या हाडाला बारीक चीर पडण्याचा धोका वाढतो.

औषधाइतकाच उपाय जेवणाचा. सकाळच्या सरावाआधी काहीच न खाता जात असेल तर आधी ते बदला. जेवणासोबतचा चहा एक तास पुढे ढकला, तो लोह शोषू देत नाही. वजन दोन किलोने वाढून ती 49 मध्ये गेली तर जाऊ द्या. पाळीच्या आधीच्या दिवसांत अर्धा ते दीड किलो पाणी धरते, म्हणून वहीत पाळीच्या तारखाही लिहा. तेवढ्या वाढीवर कुणी तिचे जेवण तोडू नये. सराव किती कमी करायचा ते डॉक्टर सांगतील, आणि कोचने ते ऐकले नाही तर कोच बदलण्याइतकी ही गोष्ट मोठी आहे.

आबाजी म्हणतात बदाम-तूप-थंडाई. जिममधला मुलगा म्हणतो प्रोटीनचा डबा. वजन 45 किलो. काय देऊ? – काटोल रोड

आबाजींचे निम्मे बरोबर आहे. तूप आणि बदाम ऊर्जा देतात, पण 12 बदामांत प्रोटीन जेमतेम 3 ग्रॅम आणि तुपात शून्य. 45 किलोच्या, रोज सराव करणाऱ्या मुलाला 60 ते 70 ग्रॅम प्रोटीन पुरते. दोन अंडी (12), अर्धा लिटर दूध (16), दिवसभरात 60 ग्रॅम तुरीची डाळ (13), 50 ग्रॅम हरभरे भिजवून (10), मूठभर शेंगदाणे (7) आणि पाच पोळ्या किंवा भाकरी (15) : झाले 73. अंडी नको असतील तर 70 ग्रॅम पनीर. डब्याची गरज कुठे उरली? डब्यात लेबलवर नसलेले पदार्थ निघण्याची भीती असते आणि उत्तेजक चाचणीत ‘मला माहीत नव्हते’ हे चालत नाही.

उणीव बहुधा प्रोटीनची नसतेच, झोपेची असते. पहाटे पाचला आखाडा, मग शाळा, ट्यूशन, संध्याकाळी पुन्हा आखाडा, आणि मोबाइल ठेवायला रात्रीचे अकरा. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास लागतात. सोपा नियम : आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नकोत, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी.

खोकल्याचे औषध दिले तर डोपिंग होते म्हणतात. खरे काय? – वाडी

होऊ शकते. आपल्याकडच्या बऱ्याच खोकल्याच्या सिरपमध्ये टर्ब्युटालिन असते, ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहे. सर्दीच्या गोळ्यांतले स्युडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापुढे आणि तोंडाने घेतलेले प्रेडनिसोलोन स्पर्धेच्या काळात अडचणीचे. ‘पाणी काढायची गोळी’ म्हणून वजनासाठी कुणी फ्युरोसेमाइड दिली तर ती कायम बंद यादीत आहे, आणि जिवालाही धोक्याची. दर वेळी डॉक्टरांना आधी सांगा की मूल स्पर्धा खेळते. चिठ्ठ्या जपून ठेवा. औषध टाळता येणारच नसेल तर उपचारासाठी सूट मागण्याचा अर्ज नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे करता येतो. पण आजारी मुलाचे आवश्यक औषध परस्पर बंद करू नका.

सरावात डोके आदळले. पाच मिनिटांनी ‘ठीक आहे’ म्हणून परत भिडला. चालेल काय? – नंदनवन

नाही. डोक्याला मार लागून क्षणभर जरी गोंधळला, चक्करला किंवा ‘काय झाले’ असे विचारू लागला, तर त्या दिवशीचा सराव संपला. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जास्त झोपाळूपणा, अडखळते बोलणे, फिट, मान दुखणे किंवा हातपायांना मुंग्या यांपैकी काहीही असेल तर लगेच रुग्णालय. मान दुखत असेल तर त्याला उचलून बसवायचे नाही, जसा आहे तसा ठेवून रुग्णवाहिका बोलवा. परतीचा क्रम असा : आधी शाळा व्यवस्थित, मग चालणे, मग धावणे, मग जोडीदाराशिवाय डाव, डॉक्टरांनी लेखी सांगितल्यावर भिडणे, शेवटी स्पर्धा. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास परत झाला तर एक पायरी मागे.

माती की गादी? – एक वडील, उमरेड

गावोगावच्या दंगलीत नाव मिळते ते मातीवर, शालेय आणि राष्ट्रीय पदके मिळतात ती गादीवर. महाराष्ट्र केसरीत दोन्ही विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात, तेव्हा एक धरली की दुसरी सुटली असे नाही. मातीत बोटांची, मनगटाची, मानेची ताकद येते आणि पडण्याची भीती जाते. पण मातीतला मुलगा उभा राहून वाट पाहायला शिकतो. 17 वर्षांखालील गादीच्या कुस्तीत दोन-दोन मिनिटांच्या दोनच फेऱ्या, मधे 30 सेकंद. ताबा मिळवला की 2 गुण, बाहेर ढकलला की 1, आणि फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. वाट पाहणारा चितपट न होताही पहिल्याच मिनिटात हरतो. 12-13 वर्षांपर्यंत माती भरपूर, सोबत आठवड्यात दोन दिवस गादी, त्यानंतर प्रमाण उलटे करावे असे आमचे मत. गादीला बूट लागतातच. ते टाचेशिवायचे आणि नेमक्या मापाचे घ्या. ‘वाढत्या पायाचे’ म्हणून एक नंबर मोठे घेतलेले बूट घोटा मुरगळवतात.

कुस्ती सुरू असताना मी बाहेरून ओरडतो, बायको म्हणते गप्प बसा. – मानेवाडा

ताई बरोबर सांगतात. कोपऱ्यात कोच बसलेला असतो आणि मुलाला तीस सेकंदांत एकच आवाज ऐकायचा असतो. तुम्ही ‘पट काढ’ म्हणता, कोच ‘थांब’ म्हणतो, आणि मूल अर्धा क्षण दोघांकडे पाहते. तेवढ्यात ताबा जातो. पंचांशी वाद घालायचा असेल तर तो कोचचा हक्क आहे, तुमचा नाही. हरल्यावर गाडीत बसताच चुका काढू नका. आधी पाणी, मग जेवण. त्याला बोलायचे असेल तर तोच बोलेल.

एक ओळखीचे म्हणतात, वय दोन वर्षे कमी दाखवणारा दाखला करून देतो. सगळेच करतात म्हणे. – नाव नको

त्यांना घरात घेऊ नका. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरचा उतारा, जन्मदाखला आणि आधार यांतली तारीख एकमेकांशी जुळावी लागते आणि शंका आली की हाडांची वय-चाचणी होते. सापडले तर बंदी मुलावर येते, ओळखीच्या माणसावर नाही. क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतले खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण, दोन्हींसाठी हीच कागदपत्रे पुढे तपासली जातात. तारखांत खरीच चूक असेल तर ती मूल पाचवी-सहावीत असतानाच शाळेकडून आणि जन्मनोंदणी कार्यालयातून दुरुस्त करून घ्या. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र मिळाल्या दिवशीच नाव, जन्मतारीख आणि वजनगट तपासून पाहा. मैदानावर पाच मिनिटांत दुरुस्त होणारे नाव दोन वर्षांनी दुरुस्त करायला सहा चकरा पडतात.